निळी टोपी, पांढरा कोट

मरोळ गावठाण,
२८ एप्रिल २०२४

प्रिय प्रेमा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फाडलंस तर माझं काही म्हणणं नाही. सोबतची बाटली मात्र फेकू नकोस. तिने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअॅपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. क्लेमेंट उद्या स्कूटरवरून दिंडोशीला येऊन तुमच्या वॉचमनकडे ठेवून जाईल. वर यायचं नाही, बेल मारायची नाही, असं मी नवऱ्याला बजावलंय. तो म्हणाला, "बारा वर्षं झाली गं, ती काय चावणार आहे मला?" मी म्हटलं, "तुला नाही, मला."

यंदाचा मसाला चांगला झालाय. कुटणाऱ्या बायका आता येत नाहीत, गिरणीत न्यावा लागला, पण मिरची मी स्वतः उन्हात घातली आणि राखण करत बसले. तुला आठवतं, तू पहिल्यांदा माझ्या डब्यातली कोळंबी खाल्लीस तेव्हा विचारलं होतंस, यात घातलंय काय. मी म्हटलं बाटली मसाला. तू म्हणालीस, बाटलीचा? आणि पुढे वीस वर्षं दर मे महिन्यात माझ्याकडून एक बाटली हक्काने नेलीस. तुझं नेणं बंद झाल्यापासूनही घरात एक बाटली जास्तच भरली जाते. क्लेमेंट विचारतो कोणाची, मी सांगते पाहुण्यांची. पाहुणे काही येत नाहीत, वर्षभर आम्हीच खातो.

मी बरी आहे. कंपनीने चार वर्षांपूर्वी मरोळचा कारखाना बंद केला, तसे आम्ही सगळे मुलुंडच्या युनिटमध्ये. पॅकिंगचा एकच सरकता पट्टा आहे, औषधाच्या त्याच गोळ्या, तेच पॅकिंग. युनियनने करार करून सगळ्या कामगारांना नेलं हे तू ऐकलंच असशील. तुला नेलं नाही, हेही तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लेबर कोर्टात तुझी केस चालू आहे असं कानावर आलं. कशी चाललीय?

मसाला काचेतच ठेव, प्लॅस्टिकमध्ये काढू नकोस.

तुझी,
फ्लेविया

---

मरोळ,
१९ मे २०२४

प्रेमा,

वॉचमनने सांगितलं की बाटली तू घेतलीस आणि लेकीच्या, रुचिराच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेलीस. पत्ता त्याच्याकडूनच मिळवला, त्याला ओरडू नकोस. बाटली नाशिकला नेलीस की दिंडोशीच्या ओट्यावर ठेवून गेलीस, हे त्याला सांगता आलं नाही.

मागच्या पत्रात मी जे विचारलं ते नाटक होतं. केस कशी चाललीय हे मला आधीच ठाऊक होतं. तुझी वकील गार्गी मला एप्रिलमध्येच भेटून गेली होती. पोरगी चुणचुणीत आहे. दोन तास बसली, मी तळलेले मैद्याचे फुगे खाल्ले आणि उठताना पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. अक्षर बघूनच मी हातातली बशी खाली ठेवली.

कंपनीच्या वकिलाने ते पत्र कोर्टात दिलंय. माझं पत्र. १२ मार्च २०१२. "युनियनच्या सेक्रेटरी या नात्याने कळविते की श्रीमती प्रेमा नाचणे या आता पॅकिंग ऑफिसर असून कामगारांवर देखरेख करतात, त्यांच्या रजा मंजूर करतात व त्यांना मेमो देतात. सबब त्या कामगार राहिलेल्या नसून त्यांचे नाव युनियनच्या यादीतून कमी करण्यात येत आहे." गेटजवळच्या बोर्डावर मी तेच लावलं होतं, तू जाता-येता वाचावंस म्हणून. एक प्रत मॅनेजमेंटला दिली. त्यांनी ती जपून ठेवली.

आता त्यांचा वकील म्हणतो की कायदा कामगाराला वाचवतो, ऑफिसरला नाही. बाई ऑफिसर होत्या हे त्यांची युनियनच लिहून देतेय. मग त्यांना काढताना आम्ही कोणाला विचारायचं? एक महिन्याचा पगार दिला, विषय संपला.

गार्गी म्हणाली, "मॅडम, हे पत्र खरं असेल तर प्रेमाताईंची केस संपली. खोटं असेल तर तसं फक्त तुम्हीच सांगू शकता."

मी म्हटलं, विचार करते.

हो, असंच म्हटलं. तू आता माझ्या नावाने जे काही बोलत असशील ते बोल. पण माझंही थोडं ऐक. ऑगस्टमध्ये युनियनची निवडणूक आहे. सोळा वर्षं मी सेक्रेटरी आहे. सेक्रेटरीने कोर्टात उभं राहून सांगायचं की युनियनच्या लेटरहेडवर मी खोटं लिहिलं, तर उद्या आमच्या कुठल्याही कागदावर कोण विश्वास ठेवेल? भाऊ, आपला अध्यक्ष, तेच म्हणाला. "तिने पांढरा कोट घातला तेव्हा आपल्याला विचारलं होतं का?"

आणि नव्हतंसच विचारलं. एका सोमवारी आपण दोघी निळ्या टोप्या घालून आत गेलो, आणि गुरुवारी तू पांढऱ्या कोटात. माझ्या शेजारीच खुर्ची, माझ्या शेजारीच पट्टा, समोरून त्याच गोळ्यांच्या पट्ट्या जाताहेत, तुझी बोटं तशीच रिकाम्या कप्प्याची पट्टी अचूक उचलतायत, आणि अंगावर कोट. मला एक शब्द नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या वर्षी त्यांनी अशा अकरा जणांना ऑफिसर केलं, युनियन निम्मी करायला. दहा जणांवर मी एवढी चिडले नव्हते.

रुचिराला सांभाळ. तिला डिंकाचे लाडू मानवतात का बघ, दहावीत तिला उष्णतेचा त्रास व्हायचा.

फ्लेविया

---

मरोळ,
७ जुलै २०२४

प्रेमा,

बाळ महिनाभर आधी आलं आणि काचेच्या पेटीत आहे, हे गार्गीकडून कळलं. मी रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावते. तुमच्यात चालतं ना, म्हणून विचारणार होते, मग म्हटलं लावूनच टाकावी.

तू कोर्टाच्या तारखेला येऊ शकणार नाहीस हेही कळलं. तुझी साक्ष आधीच झालीय म्हणा. माझ्यासाठी हे सोपं झालं. तुझ्या तोंडावर मला ते सांगता आलं नसतं.

मी जाणार आहे. तारीख एक ऑगस्टची आहे.

मोठेपणा नाही गं. एक कागद सापडला. पावसाआधी माळा आवरताना बिस्किटांचा जुना डबा निघाला, त्यात कंपनीचे माझे कागद. त्यात रजेचा एक अर्ज आहे, सप्टेंबर २०१४, सासू गेली तेव्हाचा. चार दिवसांची रजा. खाली सही यज्ञेश साहेबाची, आपल्या मॅनेजरची. तुझी नाही. तुझी असणारच कशी, तुला कोणाची रजा मंजूर करायचा अधिकार होताच कुठे? तुझी स्वतःची रजा तोच द्यायचा. बॅचच्या कागदावर प्रत्येक कामापुढे दोन रकाने असायचे, "कोणी केलं" आणि "कोणी तपासलं". आठ वर्षं तुझी सही पहिल्या रकान्यात माझ्या सहीखाली आणि दुसऱ्यात यज्ञेशची. ते कागद कंपनीने मुदत संपली म्हणून जाळले, असं गार्गीला लिहून दिलंय. माझा रजेचा कागद मात्र त्यांच्या हातात नव्हता.

तो अर्ज हातात घेऊन मी माळ्यावरच बसले. सासूच्या मयताला तू आली होतीस. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, एकटी, घाईत निघालीस म्हणून कोट अंगावरच. मी तुला बघितलं होतं प्रेमा. बघून मान फिरवली. तू प्रार्थना संपेपर्यंत थांबलीस आणि निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी क्लेमेंट म्हणाला, प्रेमा येऊन गेली. मी म्हटलं, दिसली नाही मला.

आता जे लिहिते ते तीन वेळा लिहून फाडलंय.

तुला कोट मिळायच्या आधी तो मला द्यायचं ठरलं होतं. शुक्रवारी यज्ञेशने केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, पॅकिंगमधून एकच बाई ऑफिसर करायची आहे, तुम्ही घेता का? पण युनियन सोडावी लागेल. मी युनियनची सेक्रेटरी. गेटवर घसा फोडून सांगत होते की हा फुटीचा डाव आहे, कोणी बळी पडू नका. आणि मी त्याला हो म्हटलं. विचार करते असंसुद्धा नाही म्हटलं. दिवसपाळी, सही वेगळ्या पुस्तकात, चहा कपबशीत, गुडघ्यांना आराम. शनिवार-रविवार मी घरात गाणी म्हणत होते. क्लेमेंटला सांगितलं, आता बायकोला मॅडम म्हणायचं.

सोमवारी काही नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी कोट तुझ्या अंगावर.

का मला नाही आणि तुला दिला, ते आजपर्यंत कळलं नाही. कदाचित माझ्या तोंडून हो काढायचं, एवढंच त्याला हवं असेल. त्यानंतर करारासाठी समोरासमोर बसलो की तो माझ्याकडे बघून जरासं हसायचा, आणि माझा आवाज खाली यायचा. तेव्हा ते पत्र तुझ्या गद्दारीबद्दल नव्हतं. माझ्या पोटात दुखत होतं, म्हणून मी लिहिलं. चांगल्या अक्षरात, बक्षीस मिळवलेल्या अक्षरात.

तू कोट का घेतलास हे मी कधी विचारलंच नाही. काल क्लेमेंट म्हणाला, "रुचिराची दहावी होती, नवरा परगावी, ऑफिसरला रात्रपाळी नव्हती. एवढं साधं तुला कळलं नाही?" मला कळलं होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

हे सगळं कोर्टात विचारतील की नाही माहीत नाही. विचारलं तर सांगेन. पण तुला आधी माझ्याकडून कळावं, कोर्टाच्या कागदावरून नको.

फ्लेविया

---

मरोळ,
२ ऑगस्ट २०२४

प्रेमा,

काल झालं. गार्गीने फोनवर सांगितलं असेलच, पण वकील सगळं कोरडं सांगतात, म्हणून माझ्याकडून ऐक.

मी ती आकाशी साडी नेसले होते, तू माझ्या चाळिशीला दिलेली. ब्लाउज जरा घट्ट होतो. क्लेमेंट बरोबर आला, आणि माझ्या आधी भाऊ आणि कमिटीची सहा माणसं येऊन बाकावर बसलेली. मला वाटलं साथ द्यायला आलेत. नंतर कळलं, मी काय बोलते ते ऐकायला आलेत.

गार्गीने रजेचा अर्ज दाखवला, मी सही ओळखली. तुझं काम काय होतं ते सांगितलं, रकान्यांचं सांगितलं. तुझ्या हाताखाली किती माणसं होती, तिने विचारलं. मी म्हटलं, तिच्या हाताखाली फक्त पट्टा होता. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण लिहून घेतलं.

मग कंपनीचा वकील उठला. मऊ आवाजाचा माणूस, अशांची मला जास्त भीती वाटते. माझं पत्र पुढे केलं.

"अक्षर तुमचंच?"

"हो."

"सुंदर आहे."

"शाळेत बक्षीस मिळालंय."

"मग बाई, तेव्हा खोटं लिहिलंत, की आज मैत्रिणीसाठी खोटं बोलताय?"

"तेव्हा लिहिलं."

"कशासाठी?"

मी मागे बघितलं. भाऊ पुढे झुकून बसला होता. त्याच्यासोबत मी किती गेटसभा केल्यात, तुला माहीत आहे. मला वाटलं, सांगावं की रागात लिहिलं, तेवढ्यावर भागलं असतं. खोटंही नव्हतं ते. पण तो वकील उभा होता आणि पुढचं विचारणार, राग कशाचा, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगू, बारा वर्षं ते वाक्य लपवून लपवून मीच दमले होते.

म्हटलं, "कारण ती जागा आधी मला विचारली होती. मी हो म्हटलं होतं. मग मला न देता तिला दिली."

वकिलाने माझं पत्र मिटून ठेवलं. त्याला हे नको होतं. टायपिस्टला ऐकू गेलं नाही म्हणून न्यायाधीशबाईंनी मला ते पुन्हा सांगायला लावलं, सावकाश. एकदा बोलायला बारा वर्षं लागली, आणि दुसऱ्यांदा शब्द तोडून तोडून, डिक्टेशन दिल्यासारखं. ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत टाइप करत होती.

बाहेर आले तर बाक रिकामा. क्लेमेंट एकटा छत्री घेऊन उभा. त्याने माझी पर्स घेतली आणि म्हणाला, "चल मॅडम." मग मी रडले. फार नाही.

बाळ पेटीतून बाहेर आलं ना? त्याचं वजन कळव. मला नको कळवूस, गार्गीला कळव, ती मला सांगते.

तुझी फ्लेविया

---

मरोळ,
२५ ऑगस्ट २०२४

प्रेमा,

निवडणूक हरले. दीप्ती निवडून आली, आपल्या लेबलिंगमधली, तू तिला मशीन शिकवलंस ती. मला एकोणीस मतं. भाऊ माझ्याशी बोलत नाही. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या असतात. परवा डबा उघडताना मला आठवलं की आठ वर्षं तू ऑफिसरांच्या टेबलावर एकटी बाई जेवत होतीस, आणि तिकडून आमचा गोंगाट ऐकत होतीस. मला वाटायचं, बसलीय तोऱ्यात. आता कळलं की भेंडीची भाजी एकटीने संपवायला किती वेळ लागतो.

सांत्वन नको, मी तक्रार करत नाहीये. जे मी लिहिलं ते मला एका परीने परत मिळालं.

पण एक गंमत सांगते. गार्गीने काल फोन केला. म्हणाली, "प्रेमाताईंनी एक निरोप दिलाय, मला अर्थ कळला नाही, शब्दशः सांगते. यंदा मसाला तिखट झालाय."

झालाच आहे. मिरची बदलली. पण म्हणजे बाटली उघडलीस. नाशिकला नेलीस तर मग.

मी दिवसभर पट्ट्यावर बसून हसत होते. दीप्तीने विचारलं, काय झालं मावशी. मी म्हटलं, मसाला तिखट झालाय. तिलाही अर्थ कळला नाही.

फ्लेविया

---

मरोळ,
१९ मार्च २०२५

प्रिय प्रेमा,

निकालाची प्रत गार्गीने मला पाठवली. सगळं इंग्रजी मला कळत नाही, क्लेमेंटने बोट ठेवून वाचून दाखवलं. तू कामगार होतीस आणि आहेस. काढणं बेकायदा. कामावर परत घ्या. कंपनी वरच्या कोर्टात जाईल असं वाटलं होतं, पण मुलुंडला हात कमी पडतायत आणि ऑर्डर तुंबल्यात, म्हणून सोमवारपासून हजर व्हा असं पत्र त्यांनी काढलंय. माझी साक्ष एका परिच्छेदात आहे. "साक्षीदाराने स्वतःच्या नुकसानीचे विधान केले असल्याने ते विश्वासार्ह वाटते." क्लेमेंट म्हणतो, हे फ्रेम करू या. मी म्हटलं, कुठे लावणार, देव्हाऱ्यात?

तू परत येशील की नाही मला माहीत नाही. चौपन्नाव्या वर्षी पुन्हा पट्ट्यावर बसायचं, तेही माझ्या शेजारी, यात तुला सुख वाटेल असं मी धरून चालत नाही. माफ केलंस का हेही विचारत नाही. मला तुझी आठवण येते, एवढंच सांगते. तेरा वर्षं रोज येत होती, शेजारी बसलेली असतानासुद्धा.

आलीस तर थोडं ऐकून ठेव. मोठं गेट ट्रकसाठी आहे, आपलं बाजूचं छोटं. बदलायच्या खोलीत खिळे कमी आहेत, माझ्या खिळ्यावर दोन पर्स मावतात. टोपी निळीच, फक्त आता कागदाची मिळते, कान टोचतात. पांढरा कोट घेऊन येऊ नकोस. किंवा आण, थंडी फार असते आत, गुडघ्यावर टाकायला होईल. कॅन्टीनमध्ये दोन खुर्च्यांपैकी तुला हवी ती घे.

कामगारांची यादी नव्याने करून गेटवर द्यायची होती. दीप्तीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, तेवढं लिहून द्या." एकशे चौदा नंबर रिकामा होता, तुझा जुना. मी कोणाला दिला नव्हता, सेक्रेटरी असताना कोणी विचारलं तर म्हणायचे, तो पाहुण्यांचा आहे.

सोमवारी वॉचमनला माझं नाव सांगू नकोस, त्याला आता तिथे वजन नाही. तुझंच सांग. प्रेमा नाचणे, कामगार, पॅकिंग. यादीत आहे. मी स्वतः लिहिलंय, चांगल्या अक्षरात.

तुझी,
फ्लेविया